फ्रँक मर्फी

विल्यम फ्रान्सिस ऊर्फ फ्रँक मर्फी (१३ एप्रिल, १८९० – १९ जुलै, १९४९) हे अमेरिकेतील एक विधिज्ञ, राजकारणी आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. डेट्रॉइटचे महापौर, फिलिपिन्सचे गव्हर्नर-जनरल, मिशिगन राज्याचे राज्यपाल आणि संघीय सरकारचे महान्यायवादी (ॲटर्नी जनरल) अशी अनेक पदे त्यांनी भूषविली. महान्यायवादी असताना ३ फेब्रुवारी, १९३९ रोजी त्यांनी न्याय विभागात नागरी स्वातंत्र्य शाखेची स्थापना केली. पोलीस अधिकाऱ्याने अधिकाराच्या आडोशाने नागरिकावर अत्याचार केला आणि स्थानिक सरकारी वकिलांनी खटला भरण्याचे टाळले, तर संघीय सरकारने स्वतः खटला चालवावा, ही प्रथा या शाखेमुळे रुजली. पुढे न्यायमूर्ती या नात्याने स्क्रूज विरुद्ध युनायटेड स्टेट्स (१९४५) या खटल्यात त्यांनी दिलेले भिन्न मत या विषयातील महत्त्वाचा दस्तऐवज मानले जाते.

जन्म व शिक्षण

मर्फी यांचा जन्म मिशिगन राज्यात ह्युरॉन सरोवराच्या काठी वसलेल्या सँड बीच या लहानशा गावी झाला. या गावाचे नाव पुढे हार्बर बीच असे झाले. घराणे आयरिश वंशाचे व रोमन कॅथलिक पंथाचे होते. वडील जॉन मर्फी हे वकील होते. आई मेरी ब्रेनन यांचा फ्रँक यांच्यावर विशेष प्रभाव होता. आईकडून मिळालेली धर्मश्रद्धा आणि दुबळ्यांविषयीची कणव त्यांच्या सार्वजनिक जीवनात अखेरपर्यंत दिसते.

मिशिगन विद्यापीठातून त्यांनी १९१४ साली कायद्याची पदवी घेतली व डेट्रॉइट येथे वकिलीस प्रारंभ केला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात अधिकारी होते. युद्ध संपल्यावर त्यांनी लंडनमधील लिंकन्स इन आणि डब्लिनमधील ट्रिनिटी कॉलेज येथे काही काळ कायद्याचा अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर १९१९ साली त्यांची मिशिगनच्या पूर्व जिल्ह्यात साहाय्यक संघीय सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली.

डेट्रॉइटमधील न्यायाधीशपद आणि स्वीट खटला

१९२३ साली मर्फी डेट्रॉइटच्या रेकॉर्डर्स कोर्ट या फौजदारी न्यायालयावर न्यायाधीश म्हणून निवडून आले. त्या काळी मोटारींच्या कारखान्यांमुळे डेट्रॉइटची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कामाच्या शोधात येत होती. घरांची टंचाई होती आणि गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीयाने घर घेतले तर जमाव चालून जाण्याचे प्रकार घडत होते.

सप्टेंबर १९२५ मध्ये डॉ. ऑसियन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी गार्लंड मार्गावर घर घेतले. दुसऱ्या रात्री घरासमोर मोठा जमाव जमला आणि दगडफेक सुरू झाली. पोलीस तेथे हजर होते; परंतु त्यांनी जमाव पांगवला नाही. घरातून गोळीबार झाला व त्यात एका गोऱ्या माणसाचा मृत्यू झाला. घरातील ११ जणांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. दगड फेकणाऱ्यांवर मात्र खटला झाला नाही.

हा खटला मर्फी यांनी स्वतःकडे घेतला. आरोपींच्या बाजूने त्या काळचे विख्यात वकील क्लॅरेन्स डॅरो उभे राहिले. गोळी झाडणाऱ्याच्या मनात त्या क्षणी कोणती भीती होती, आणि ती भीती त्याच्या समाजाने पूर्वी सोसलेल्या हिंसेतून कशी निर्माण झाली होती, याविषयीचा पुरावा मर्फी यांनी ज्युरीपुढे येऊ दिला. जमाव अगदी किरकोळ होता, अशी साक्ष पोलिसांनी दिली. उलटतपासणीत ती टिकली नाही. पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. मे १९२६ मध्ये डॉक्टरांचे धाकटे बंधू हेन्री स्वीट यांच्यावर स्वतंत्र खटला चालला आणि केवळ गोऱ्या सदस्यांच्या ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. त्यानंतर उरलेल्यांवरील आरोप मागे घेण्यात आले.

गणवेशातील माणूस समोर उभा असूनही कायदा अनुपस्थित असू शकतो, हे मर्फी यांनी या खटल्यात जवळून पाहिले. त्यांच्या पुढील कार्याची बीजे अनेक अभ्यासकांना या अनुभवात दिसतात.

महापौर, गव्हर्नर-जनरल व राज्यपाल

१९३० साली मर्फी डेट्रॉइटचे महापौर झाले. जागतिक मंदीचा तो काळ होता. कारखाने बंद पडल्याने शहरात बेकारांची संख्या प्रचंड वाढली होती. त्यांनी बेकारांसाठी महापौर समिती नेमली, अन्नछत्रे व निवारे चालवले आणि पडीक जमिनी भाजीपाल्याच्या लागवडीसाठी दिल्या. शहरांना संघीय सरकारची मदत मिळावी म्हणून महापौरांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष होते.

१९३३ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना फिलिपिन्सचे गव्हर्नर-जनरल नेमले. त्यांच्या कारकिर्दीत तेथील स्त्रियांच्या मताधिकाराच्या कायद्यावर त्यांची स्वाक्षरी झाली. १९३५ साली फिलिपिन्सला अंतर्गत स्वायत्तता मिळाल्यावर ते तेथे अमेरिकेचे पहिले उच्चायुक्त म्हणून राहिले.

१९३६ च्या निवडणुकीत ते मिशिगनचे राज्यपाल म्हणून निवडून आले. १ जानेवारी, १९३७ रोजी त्यांनी पदभार घेतला, तेव्हा फ्लिंट येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यांत कामगारांनी ठिय्या संप पुकारून दोन दिवस झाले होते. ११ जानेवारी रोजी पोलीस व संपकरी यांच्यात चकमक झाली. अश्रुधूर व गोळ्यांचा वापर झाला. मर्फी यांनी नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले, परंतु ते संप मोडण्यासाठी नव्हे, तर दोन्ही बाजूंना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी. कारखाने रिकामे करण्याचा न्यायालयाचा आदेश आल्यावरही त्यांनी बळाचा वापर टाळला आणि वाटाघाटी चालू ठेवल्या. ११ फेब्रुवारी रोजी समझोता झाला व ४४ दिवसांचा संप मिटला.

या निर्णयाची त्यांना किंमत मोजावी लागली. न्यायालयाचा आदेश अमलात न आणणारा राज्यपाल अशी त्यांच्यावर टीका झाली आणि १९३८ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले.

महान्यायवादी आणि नागरी स्वातंत्र्य शाखा

जानेवारी १९३९ मध्ये रूझवेल्ट यांनी मर्फी यांना महान्यायवादी नेमले. जेमतेम एक वर्षाच्या या कारकिर्दीत त्यांनी राजकीय भ्रष्टाचारावर कठोर कारवाई केली. कॅन्सस सिटीतील बलाढ्य राजकीय पुढारी टॉम पेंडरगास्ट यांना करचुकवेगिरीबद्दल आणि संघीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश मार्टिन मॅन्टन यांना लाचखोरीशी संबंधित गुन्ह्याबद्दल याच वर्षी शिक्षा झाली. तथापि त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य म्हणजे फौजदारी विभागात स्थापन केलेली नागरी स्वातंत्र्य शाखा होय. हेन्री श्वाइनहाउट हे तिचे पहिले प्रमुख होते. पुढे या शाखेस नागरी हक्क शाखा असे नाव मिळाले.

या शाखेचे महत्त्व समजण्यासाठी अमेरिकेतील अधिकारांची वाटणी लक्षात घ्यावी लागते. खून, मारहाण, चोरी इत्यादी नेहमीचे गुन्हे हे तेथे राज्यांच्या कायद्याखाली येतात. काउंटीचा शेरीफ हा बहुधा निवडून आलेला असतो. खटला भरावा की नाही, हे ठरवणारा स्थानिक सरकारी वकीलही निवडून आलेला असतो, आणि पुरावा गोळा करण्यासाठी तो शेरीफवरच अवलंबून असतो. गुन्हा खुद्द शेरीफनेच केला असेल, तर तपास करणारा आणि आरोपी एकच ठरतो. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून व ज्युरीत बसण्यापासूनही दूर ठेवले जात असल्याने, या अधिकाऱ्यांवर पीडितांच्या समाजाचा कोणताही दाब नव्हता.

मर्फी यांच्या शाखेने यावर उपाय म्हणून विस्मरणात गेलेले जुने कायदे हाती घेतले. यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६६ व १८७० साली, नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या संरक्षणासाठी अमेरिकी संसदेने काही कायदे केले होते. त्यांतील बहुतेक तरतुदी पुढे न्यायालयांनी अवैध ठरवल्या किंवा संसदेने रद्द केल्या. दोन फौजदारी कलमे मात्र शिल्लक राहिली होती. पहिले कलम नागरिकांच्या घटनात्मक हक्कांविरुद्धच्या कटासंबंधी होते. दुसरे, म्हणजे त्या वेळचे कलम २०, कायद्याच्या अधिकाराचा आडोसा घेऊन जाणूनबुजून एखाद्याचे घटनात्मक हक्क हिरावून घेणाऱ्या अधिकाऱ्यास लागू होते. शिक्षा अगदी अल्प होती : जास्तीत जास्त एक वर्ष तुरुंगवास आणि १,००० डॉलर दंड.

या मार्गाने संघीय सरकार पोलिसावर खुनाचा खटला भरू शकत नव्हते. तो अधिकार राज्याचाच होता. आरोप इतकाच ठेवता येत असे, की यथोचित कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेऊ नये, हे चौदाव्या घटनादुरुस्तीने दिलेले अभिवचन आरोपीने मोडले. मात्र एकाच कृत्याने राज्याचा आणि संघाचा असे दोन स्वतंत्र कायदे मोडले जात असल्याने, राज्याने काहीच केले नाही तरी संघाचा मार्ग खुला राहत असे.

शाखेच्या प्रारंभीच्या यशस्वी खटल्यांपैकी एक पश्चिम व्हर्जिनियातील रिचवुड गावचा होता. १९४० साली तेथील उपशेरीफ कॅटलेट याने यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या लोकांना डांबून ठेवले आणि बळजबरीने एरंडेल पाजले. त्याला संघीय न्यायालयात शिक्षा झाली आणि १९४३ साली अपील न्यायालयाने ती कायम केली. तोपर्यंत मर्फी न्याय विभागातून सर्वोच्च न्यायालयात गेले होते.

सर्वोच्च न्यायालयात

जानेवारी १९४० मध्ये रूझवेल्ट यांनी मर्फी यांची सर्वोच्च न्यायालयावर नियुक्ती केली. न्यायमूर्ती पिअर्स बटलर यांच्या निधनाने रिक्त झालेली ही जागा होती. त्याच वर्षी थॉर्नहिल विरुद्ध अलाबामा या खटल्यात त्यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि कामगारांच्या शांततापूर्ण निदर्शनांना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले.

मर्फी यांची भूमिका सर्वत्र सरळ रेषेत गेली असे मात्र म्हणता येत नाही. १९४१ सालच्या युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्लासिक या खटल्यात लुईझियानातील निवडणूक अधिकाऱ्यांवर वरील जुन्या कलमांखालीच आरोप ठेवले होते. खटला मर्फी यांनीच जन्मास घातलेल्या शाखेने आणला होता. तरीही फौजदारी कायद्याचा अर्थ ताणून त्यात पक्षांतर्गत निवडणुका बसवणे योग्य नाही, असे सांगणाऱ्या भिन्न मतात ते न्यायमूर्ती डग्लस व ब्लॅक यांच्यासमवेत सामील झाले. बहुमताने मात्र आरोप वैध ठरवले आणि या कलमांना नवे बळ मिळाले.

दुसऱ्या महायुद्धात पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या नागरिकांवर सरकारने निर्बंध लादले. १९४३ च्या हिराबायाशी खटल्यात मर्फी यांनी प्रथम भिन्न मत लिहिण्यास घेतले होते. परंतु युद्धकाळात न्यायालयाने एकमुखाने बोलावे, या सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे त्यांनी ते बदलून सहमतीचे मत दिले. पुढच्याच वर्षी कोरेमात्सु खटल्यात मात्र त्यांनी माघार घेतली नाही. एका वंशाच्या सर्व लोकांना पुराव्याविना देशद्रोही मानून घरांतून हलवणे हा निखळ वंशवाद आहे, असे त्यांनी आपल्या भिन्न मतात स्पष्ट नोंदवले.

रॉबर्ट हॉल प्रकरण आणि स्क्रूज खटला

जॉर्जिया राज्यात बेकर नावाची एक काउंटी असून न्यूटन हे तिचे मुख्य ठिकाण आहे. १९४३ साली क्लॉड स्क्रूज हा तेथील शेरीफ होता. रॉबर्ट हॉल या सुमारे ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचे पिस्तूल त्याने काढून घेतले होते व हॉलने ते रीतसर परत मागितले होते. शेरीफच्या मनात त्यावरून आकस होता, असा पुरावा पुढे न्यायालयात आला.

जानेवारी १९४३ च्या अखेरीस एका रात्री उशिरा स्क्रूज, पोलीस शिपाई जोन्स आणि साहाय्यक केली या तिघांनी टायर चोरल्याच्या आरोपाचे वॉरंट दाखवून हॉल यास घरातून अटक केली. हातकड्या घालून त्याला न्यायालयाच्या आवारात आणले. मोटारीतून उतरताच तिघांनी त्याला मुठींनी आणि सुमारे आठ इंच लांबीच्या, दोन पौंड वजनाच्या लोखंडी दंडुक्याने मारण्यास सुरुवात केली. तो खाली कोसळल्यावरही १५ ते ३० मिनिटे मारहाण चालू राहिली. नंतर त्याला पायांना धरून आवारातून फरफटत तुरुंगात नेले. रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात हलवल्यावर तासाभराच्या आत त्याचा मृत्यू झाला. हॉल याने बंदूक उचलण्याचा प्रयत्न केला व अपशब्द वापरले, असा बचाव आरोपींनी केला.

जॉर्जियाच्या अधिकाऱ्यांनी खुनाचा खटला भरला नाही. तेथील सरकारी वकिलाचे म्हणणे असे होते, की आपल्याकडे तपास करणारी स्वतंत्र यंत्रणा नाही; ते काम शेरीफ व पोलिसांचे आहे आणि त्यांच्याकडून कोणतीही तक्रार आलेली नाही.

तेव्हा नागरी हक्क शाखेने संघीय न्यायालयात कलम २० व कटाचे कलम यांखाली आरोपपत्र दाखल केले. स्थानिक लोकांतूनच निवडलेल्या ज्युरीने तिघांना दोषी ठरवले व प्रत्येकास तीन वर्षांचा तुरुंगवास व १,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील न्यायालयाने ती कायम केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले.

प्रश्न असा होता, की यथोचित प्रक्रियेचा हक्क हिरावून घेणे हा गुन्हा म्हणण्याइतका स्पष्ट आहे काय. या हक्काचा आशय न्यायालयांच्या निकालांतून सतत बदलत जातो. मग सामान्य पोलिसाने आपण कोणता गुन्हा करीत आहोत हे ओळखावे कसे? दुसरा प्रश्न अधिकाराच्या आडोशाचा होता. राज्याचा कायदाच मोडणारा अधिकारी राज्याच्या वतीने वागत होता असे म्हणता येईल काय?

७ मे, १९४५ रोजी निकाल लागला. न्यायमूर्तींत इतकी मतभिन्नता होती, की कोणत्याही एका मताला पाच जणांचा पाठिंबा मिळाला नाही. डग्लस यांनी चार जणांच्या वतीने लिहिलेल्या मुख्य मतानुसार कायदा वैध ठरला आणि अधिकाराचा गैरवापर करणारा अधिकारीही त्याच्या कक्षेत आला. परंतु आरोपीच्या मनात विशिष्ट घटनात्मक हक्क हिरावून घेण्याचाच हेतू होता, हे सिद्ध होणे आवश्यक ठरले. खालच्या न्यायालयाने ज्युरीस तसे समजावले नसल्याने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश देण्यात आला. रॉबर्ट्स, फ्रँकफर्टर व जॅक्सन या तिघांच्या मते हा विषय राज्याचा होता आणि कायदा फारच संदिग्ध होता. रटलेज यांना शिक्षा कायम ठेवणे योग्य वाटत होते. पण आपण तसे मत दिल्यास प्रकरणाचा निकालच लागणार नाही, म्हणून त्यांनी फेरखटल्यास संमती दिली.

शिक्षा कायम ठेवावी असे मत अखेरपर्यंत देणारे मर्फी एकटेच होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. यथोचित प्रक्रियेच्या सीमारेषेवरील काही प्रकरणे अवघड असू शकतील. परंतु हे प्रकरण त्या सीमारेषेवरचे नव्हतेच. चौदावी घटनादुरुस्ती जीविताचे नाव घेऊन रक्षण करते आणि येथे हिरावून घेतले गेले ते प्रत्यक्ष जीवितच होते. हातकड्या घातलेल्या माणसाला मरेपर्यंत मारणे हे त्याच्या हक्कांचे उल्लंघन आहे, हे कळण्यास कोणत्याही पोलिसाला कायद्याच्या पदवीची गरज नाही. आपल्या अधिकाऱ्यांना शासन करण्यास राज्ये समर्थ आहेत, हे त्यांनी मान्य केले. परंतु काही कारणाने राज्य तयार नसेल, तर संघाने पुढे आलेच पाहिजे, अन्यथा संविधानातील हमी वापराअभावी निर्जीव होऊन जातील, असे त्यांचे प्रतिपादन होते.

फेरखटल्यात तिन्ही आरोपी निर्दोष सुटले. स्क्रूज पुढे जॉर्जियाच्या राज्य सिनेटवर निवडून आला.

अखेरची वर्षे

१९४६ साली जपानी सेनापती यामाशिता यांना लष्करी आयोगाने दिलेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपायोग्य मानली नाही. यामाशिता यांच्या हाताखालील सैन्याने फिलिपिन्समध्ये भीषण अत्याचार केले होते आणि तो देश मर्फी यांना अतिशय प्रिय होता. तरीही पराभूत शत्रूलाही न्याय्य प्रक्रियेचा हक्क आहे, असे भिन्न मत त्यांनी दिले.

२७ जून, १९४९ रोजी वुल्फ विरुद्ध कोलोरॅडो या खटल्याचा निकाल लागला. पोलिसांनी बेकायदा झडतीतून मिळवलेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांत वापरता येईल, असे बहुमताने ठरवले. मर्फी यांनी भिन्न मतात पुन्हा जुन्याच प्रश्नावर बोट ठेवले. बेकायदा झडती घेणाऱ्या पोलिसावर स्थानिक सरकारी वकील खटला भरील, ही अपेक्षा त्यांना भाबडी वाटत होती. कारण त्या पोलिसाच्या कामावरच त्या वकिलाचे खटले उभे असतात. पोलिसांना झडतीच्या कायद्याचे शिक्षण दिले जाते काय, याची त्यांनी ३८ मोठ्या शहरांच्या पोलीस विभागांकडे चौकशी केली होती आणि तिचा निष्कर्ष या मतात मांडला. १९६१ साली मॅप विरुद्ध ओहायो या खटल्यात न्यायालयाने आपली भूमिका बदलली.

या निकालानंतर काही आठवड्यांतच, १९ जुलै, १९४९ रोजी डेट्रॉइट येथे हृदयविकाराने मर्फी यांचे निधन झाले. तेव्हा ते ५९ वर्षांचे होते. ते अविवाहित होते. जन्मगावी, हार्बर बीच येथे त्यांचे दफन करण्यात आले.

टीका

मर्फी यांच्या हयातीतच त्यांच्यावर बरीच टीका झाली. कायद्याच्या बारकाव्यांपेक्षा ते भावनेला अधिक महत्त्व देतात, असे फ्रँकफर्टर यांच्यासारख्या सहकाऱ्यांचे मत होते. न्यायाला दयेची जोड असावी या इंग्रजी वचनात दयेच्या जागी मर्फी हे नाव घालून केलेली कोटी त्या काळी वकिलांत प्रचलित होती. दुसऱ्या बाजूस, त्यांची अनेक भिन्न मते कालांतराने न्यायालयाने किंवा संसदेने स्वीकारली, याकडे त्यांचे समर्थक लक्ष वेधतात.

स्क्रूज खटल्यातील तीन न्यायमूर्तींनी घेतलेला आक्षेपही दुर्लक्षणीय नाही. स्थानिक गुन्ह्यांचा तपास दूरच्या राजधानीतून होऊ लागला, तर स्थानिक जबाबदारीची भावना क्षीण होईल आणि संघाच्या हाती अमर्याद सत्ता येईल, ही त्यांची भीती होती. या दोन विचारांमधील ताण आजही संपलेला नाही.

वारसा

मर्फी यांनी स्थापन केलेली शाखा मोजक्या वकिलांची होती आणि तिच्या वाट्याला अपयशच अधिक आले. फेब्रुवारी १९४६ मध्ये दक्षिण कॅरोलिनात आयझॅक वुडर्ड या युद्धातून परतणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकाला बेट्सबर्गच्या पोलीस प्रमुखाने मारहाण केली. त्यात त्याचे दोन्ही डोळे गेले. राज्याने कारवाई केली नाही. संघीय खटला उभा राहिला. परंतु ज्युरीने आरोपीला सोडून दिले. या घटनेने राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन व्यथित झाले. त्याच वर्षी त्यांनी नेमलेल्या नागरी हक्क समितीने १९४७ च्या अहवालात ही शाखा बळकट करण्याची शिफारस केली. १९५७ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तिचे न्याय विभागातील एका पूर्ण विभागात रूपांतर झाले.

जुने कलम २० हे १९४८ च्या संहितेपासून कलम २४२ म्हणून ओळखले जाते. १९६८ साली त्यात दुरुस्ती होऊन, अत्याचारात मृत्यू ओढवल्यास जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद झाली. अधिकाराच्या आडोशाचा स्क्रूज खटल्यातील व्यापक अर्थ १९६१ साली मन्रो विरुद्ध पेप या खटल्यात दिवाणी दाव्यांनाही लागू झाला. १९६४ साली मिसिसिपीत तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला. त्यात उपशेरीफ सेसिल प्राइस सामील होता. राज्याने खुनाचा खटला भरला नाही, तेव्हा याच जुन्या कलमांखाली संघीय आरोपपत्र दाखल झाले आणि १९६७ साली प्राइससह सात जणांना शिक्षा झाली. १९९१ साली लॉस एंजेलिस येथे रॉडनी किंग यांना झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात राज्याच्या न्यायालयातून एकही पोलीस दोषी ठरला नाही. नंतरच्या संघीय खटल्यात १९९३ साली दोघांना शिक्षा झाली.

विशिष्ट हेतू सिद्ध करण्याची जी अट स्क्रूज खटल्यात घातली गेली, ती आजही कायम आहे आणि असे खटले कठीण होण्याचे ते एक प्रमुख कारण मानले जाते. त्यामुळे १९४५ सालचे मर्फी यांचे एकाकी मत कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावे लागते. डेट्रॉइटमधील फौजदारी न्यायालय ज्या इमारतीत भरत असे, तिला फ्रँक मर्फी न्याय भवन असे त्यांचे नाव देण्यात आले होते.